पिशवीबाहेरचं

"आई, मी वॅलबी नाहीये," मेरिन म्हणाली आणि फोन बंद झाला.

ग्लेनिस ट्रेझाइज फोन तसाच कानाशी धरून खिडकीपाशी उभी राहिली. बंद झालेल्या फोनमधून काही ऐकू येत नाही, एवढं कळायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. पण कान आपला तिथेच. खाली अ‍ॅडलेडचा मोठा रस्ता सकाळच्या उन्हात आखून ठेवल्यासारखा पडला होता. ट्राम आली, माणसं उतरली, ट्राम गेली. खोलीत जिकडे तिकडे खोके. विद्यापीठातली चाळीस वर्षांची खोली निवृत्तीपायी या आठवड्यात रिकामी करून द्यायची होती, आणि गंमत म्हणजे ती रिकामी होतही होती. ग्लेनिसला वाटलं होतं, खोली जरा तरी हट्ट करेल. फळीवरच्या बरण्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्यांत टॅमर वॅलबीची, म्हणजे कांगारूच्याच कुळातल्या एका बुटक्या जातीची पिल्लं, वयाप्रमाणे ओळीने. पहिलं सोललेल्या शेंगदाण्याएवढं, गुलाबी, डोळ्यांच्या जागी नुसती सावली, पण पुढचे पंजे मात्र नखांसकट तयार. जन्मल्याबरोबर आईच्या पोटावरच्या केसांतून स्वतःच चढत पिशवी गाठायची म्हणजे पंजे हवेतच. बाकीचं मागाहून झालं तरी चालतं. दर वर्षी पहिल्या तासाला ग्लेनिस ही बरणी मुलांपुढे धरायची आणि म्हणायची, "हा प्राणी जवळजवळ काहीच न घेता जन्माला येतो. फक्त पकड घेऊन येतो." मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. पुढे पुढे तिला स्वतःलाच त्या वाक्याचा कंटाळा आला होता, पण म्हणायची.

आपण काय बोललो ते तिने पुन्हा आठवून पाहिलं, फसलेल्या प्रयोगात पायरी पायरीने मागे जातात तसं. मेरिन तिची एकुलती एक. चाळिशीची, नगरपालिकेत झाडांची तपासनीस. कुणाच्या अंगणातलं निलगिरीचं झाड पाडू द्यायचं आणि कुणाचं नाही, हे दिवसभर ठरवत हिंडते. लग्नाच्या वाटेला गेली नाही. मूल मात्र हवं होतं, म्हणून दवाखान्यात जाऊन अनोळखी दात्याच्या मदतीने तिने गर्भ तयार करून घेतले होते. ते एकेक करून पोटात ठेवले आणि एकेक करून गेले. एक उरला होता, गोठवलेला. ठेवायचा की सोडून द्यायचा ते शुक्रवारपर्यंत कळवा, असं दवाखान्याने म्हटलं होतं. "तुला काय वाटतं?" मेरिनने विचारलं. बस, इतकंच. आणि ग्लेनिसने सांगितलं की टॅमर वॅलबीच्या पोटात असाच एक गर्भ असतो, पेशींचा पोकळ गोळा, डोळ्याला दिसेल न दिसेल असा. आधीचं पिल्लू पिशवीत दूध पीत असतं तोवर हा वाढत नाही. जवळजवळ वर्षभर थांबतो. थांबल्याने त्याचं काही बिघडत नाही, तो म्हाताराही होत नाही. "तेव्हा गर्भाच्या बाजूने म्हणशील तर घाई नाही. घाई असलीच तर गर्भाशयाच्या बाजूने." यातला शब्दन् शब्द खरा होता. कुठल्याही परिषदेत उभं राहून तिने हे सांगितलं असतं आणि कुणी ब्र काढला नसता.

तिने एक बरणी उचलली, खोक्यात ठेवली, पुन्हा बाहेर काढली. विद्यार्थ्यांच्या प्रबंधात हमखास एक वाक्य यायचं, "गर्भ आपल्या वेळेची वाट पाहतो." ग्लेनिस ते खोडायची. समासात लिहायची, वाट पाहायला आधी कुणीतरी असावं लागतं. दरसाल कुणीतरी नव्याने तेच लिहायचं आणि ती नव्याने खोडायची, एकदा तर एका मुलीने खोलीत येऊन भांडण काढलं होतं, "बाई, पण दुसरं म्हणणार काय?" "थांबलाय म्हण." "थांबणं आणि वाट पाहणं वेगळं?" "बस थांबते स्टॉपवर. ती वाट पाहते का तुझी?" मुलगी हसली, पण ग्लेनिस हसली नव्हती. तिला हे असं भावनेचं पाणी घातलेलं विज्ञान चालायचं नाही. तरुणपणी कांगारू बेटावर पहिल्यांदा पिशवीतून पिल्लू काढलं तेव्हा तिच्या गुरूंनी एकच सूचना दिली होती, हात थरथरला तर मोजमाप चुकतं. तो थरथरला नव्हता. काम असं होतं: सडाला चिकटलेलं पिल्लू जबड्याच्या कोपऱ्यात हलकं दाबून सोडवायचं, कारण सडाचं टोक त्याच्या तोंडात फुगलेलं असतं, नुसतं ओढलं तर तोंड फाटतं. ते सोडवलं, दूध ओढणं थांबलं, की आईच्या शरीरात आतला थांबलेला गर्भ जागा होतो आणि महिन्याच्या आत नवं पिल्लू जन्मतं. एक काढा, दुसरं सुरू. नळाच्या तोटीसारखं. हे कसं घडतं, कुठल्या ग्रंथीतून कुठला निरोप कुठे जातो, यावर तिचं आयुष्य गेलं आणि चांगलं गेलं. काढलेल्या पिल्लांबद्दल तिला वाईट वाटलं का? पार्ट्यांमध्ये लोक हमखास विचारायचे. नाही वाटलं. बरंही नाही वाटलं. तळहातावर एक ओली ऊब यायची आणि जायची, एवढं तिला आठवत होतं.

मेरिनचा जन्म जानेवारीतला. टॅमर वॅलब्यांचाही जानेवारीतच, अख्ख्या बेटावरच्या एकदम. तेव्हा कुणी मुद्दाम ठरवलं असतं तरी याहून वाईट महिना सापडला नसता. तो हंगाम पोटातल्या मेरिनपायी बुडाला आणि ग्लेनिसने तो मनात लिहून ठेवला, कुणाच्या नावावर ते न लिहिता. मेरिन तीन महिन्यांचीही नव्हती तेव्हा ती बेटावर परत गेली. लायलने, नवऱ्याने, शाळेतून रजा घेतली आणि दुधाची बाटली हातात घेतली. लायल इतिहास शिकवायचा. मुलगी मांडीवर घेऊन जुन्या लढायांचे पेपर तपासायचा. लोकांनी ग्लेनिसच्या संशोधनाबद्दल विचारलं की म्हणायचा, "पिशवीतलं सगळं तिला विचारा. पिशवीबाहेरचं मला." सगळे हसायचे, तीही. बेटावरच्या पत्र्याच्या खोलीत ती वॅलब्यांचं दूध थेंब थेंब पिळून बारक्या नळ्यांत भरायची, वर तारीख घालायची, बर्फात ठेवायची. आणि स्वतःचं मोरीत पिळून पाणी सोडायची. एकदा सहज, तुलनेला असावं म्हणून, तिने आपल्याही दुधाची एक नळी भरून त्याच रांगेत ठेवली. शहरात परतल्यावर तपासणी झाली. स्निग्धांश, शर्करा, सगळे आकडे सर्वसाधारण आले. ते कुठे छापण्याचा प्रश्नच नव्हता. पण ती नळी रांगेत ठेवताना आपण काय विचार करत होतो हे तिला या क्षणी, खोक्यांच्या मध्ये उभं राहून, अजिबात आठवेना, आणि न आठवण्याचं तिला जरा भय वाटलं. म्हणजे, एखाद्या खोलीचा दिवा लावायला हात भिंतीवर जावा आणि बटण तिथे नसावं, तेवढंच.

चारच्या सुमारास ती गाडी घेऊन निघाली. तिचं घर टेकड्यांमध्ये, ब्लॅकवुडला, जिथे शहर संपायचं की नाही याबद्दल अजून त्याचंच नक्की झालेलं नाही. एका बाजूला घरं, कचऱ्याचे डबे, बास्केटबॉलच्या रिंगा; दुसऱ्या बाजूला राखीव रान. सप्टेंबरातल्या आंबुशीने कडेचं सगळं गवत पिवळंजर्द केलं होतं. वळणावर कांगारू पडलेली होती. करडी, मादी, पाय रस्त्यावर आणि डोकं फुलांत. ग्लेनिसने गाडी कडेला घेतली. यात ठरवण्यासारखं काही नसतं. इथे लहानपणापासून हात आपोआप तसा वळतो. मादी मेलेली दिसली की थांबायचं, पिशवी चाचपायची, आणि मग अंगावर रंगाचा फवारा मारून मोठी फुली काढायची, म्हणजे मागून येणाऱ्यांना कळतं, बघून झालंय, पुढे जा. प्रत्येकाच्या डिकीत हातमोजे, कात्री, उशीचा अभ्रा आणि गुलाबी फवाऱ्याचा डबा असतोच. ग्लेनिसने मोजे चढवले, गुडघे टेकले. अंग अजून गरम होतं. पिशवी सैल, रिकामी. तिने आत हात घालून एकेक सड चाचपला. चारांतले तीन आखडलेले. चौथा लांब, लहान मुलाच्या करंगळीसारखा, ओलसर. त्याच्या मुळाशी दुधाची गाठ भरलेली.

एक जुनाट ट्रक मागे येऊन थांबला. खिडकीतून टोपीवाला माणूस डोकावला. "मेलीय ती, बाई."

"दिसतंय मला."

"मग काय शोधताय?"

"सड बघतेय तिचे."

"बरं बरं. आहे का काही पिशवीत?"

"नाही."

"मग मारा की फुली. माझा भाऊ काल असाच एकीसाठी थांबला, मागून येणाऱ्याने त्याचाच दिवा फोडला. फुली मारली की कुणाचा जीव अडकत नाही." आणि हात हलवून तो गेला.

डबा तिच्या हातात होताच. हलवला की आतली गोळी खुळखुळायची. पिशवी रिकामी, हे खरं. फुली मारली तर नियमाने बरोबर. पण लांबलेला सड म्हणजे पिल्लू आहे. मोठं, केसाळ, पिशवीतून बाहेर यायला शिकलेलं. गाडीच्या धक्क्याने उडी मारून जवळच कुठेतरी झुडपात दबा धरून बसलेलं. एकदा गुलाबी रेघ उमटली की या रस्त्यावरून जाणारा एकही माणूस त्या झुडपात बघणार नाही, आणि तेही अगदी शहाणपणाने. या जातीत थांबलेला गर्भही नसतो. करड्या कांगारूंना ती सोय नाही. हिच्या आत मागे ठेवलेलं असं काही नाही. जे आहे ते एकच, आणि ते बाहेर. ग्लेनिसने डबा गवतात ठेवला आणि वन्यप्राणी बचाववाल्यांना फोन लावला. पलीकडची बाई धापा टाकत बोलत होती. सगळे बाहेर गेलेत, तास दीड तास लागेल, आणि हे बघा, एकट्याने पकडायला जाऊ नका. ग्लेनिसला हे कुणी सांगायची गरज नव्हती. पाठलाग केला तर या पोरांचे स्नायू आतल्या आत जळतात. पळून वाचलेलं पिल्लू दोन दिवसांनी उभ्याउभ्या मरतं. दोन माणसं लागतात. एकाने आईपाशी गप्प बसायचं, दुसऱ्याने रानाकडची वाट अडवायची. दुसरं माणूस. ती फोनमधली नावं बोटाने वर सरकवत राहिली. विभागातले लोक या वेळी तिच्या निरोपाच्या जेवणात कोण कुठे बसणार यावर वाद घालत असतील. लायलचं नाव अजून होतं, तो जाऊन सहा वर्षं झाली तरी काढलेलं नव्हतं. त्याच्यानंतर लगेच मेरिन.

"आता कोणता प्राणी आठवला?" मेरिनने फोन उचलल्या उचलल्या विचारलं.

"करडी कांगारू. मेलीय. पिल्लू बाहेर राहिलंय. मला दुसरं माणूस हवंय."

पलीकडे रस्त्याचा आवाज होता. "कुठे आहेस?"

मेरिन आली ती कामाच्या भडक पिवळ्या जाकिटातच, बुटांना लाकडाचा भुसा. ते जाकीट काढून टाक म्हटल्यावर काढलं, उलटं करून घातलं. आईकडे नीट न बघताच ती मेलेल्या जनावराशेजारी आंबुशीत फतकल मारून बसली. ग्लेनिस दोन हातांच्या अंतरावर, रानाकडे पाठ करून.

"किती वेळ?"

"उजेड जायच्या आत येईल. आलं तर."

"आणि नाही आलं तर?"

"कोल्हा."

"वा. तुला भेटलं की मन कसं प्रसन्न होतं बघ."

मेरिनने आंबुशीचा एक देठ उपटला आणि चघळायला लागली, इथली सगळी मुलं चघळतात तसा.

"कुत्रे मुततात त्यावर."

"हे लहानपणी नाही कधी सांगितलंस."

"लहानपणी तुझ्याबरोबर बाबा असायचा."

"तो तर स्वतःच खायचा." मेरिन हसली, मग हसणं थांबलं तरी हसू तिच्या तोंडावर थोडा वेळ राहिलं. समोरच्या घरात कुणीतरी कांदा परतायला टाकला होता. वास रस्ता ओलांडून येत होता. ग्लेनिसला वाटलं, हे बरं आहे, आपल्यामध्ये एक काम आहे. कामात माणसांनी एकमेकांकडे बघायचं नसतं, झुडपाकडे बघायचं असतं. बेटावर ती अशीच बसायची, शेजारी बसलेल्याचं नावही विसरून. पण आता शेजारच्या माणसाचा श्वास तिला ऐकू येत होता, किंचित चोंदलेला, लायलसारखा. आणि सकाळचा प्रश्न अजून उघडाच आहे, शुक्रवार परवावर आलाय, हे तिला पाठीच्या कण्यात कुठेतरी बोचत होतं. म्हणावं काहीतरी. काय म्हणावं? माहिती पुष्कळ होती. माहितीच्या पलीकडे हात घातला की तिथे एक मऊ, नाव नसलेलं काहीतरी लागत होतं आणि हात मागे येत होता.

"एक विचारू?" मेरिन म्हणाली. "वॅलबी मध्ये न आणता सांगायचं."

"विचार."

"मी हवी होते तुला?"

ग्लेनिसने पुरावा शोधला. तिला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. "तेव्हा नाही," ती म्हणाली.

मेरिनने देठ थुंकला. "बरं."

"जानेवारी होता. मला वाटलं होतं, हिला जरा उशिरा येता आलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्याबद्दल राग नव्हता. काहीच नव्हतं. लायल तुला घेऊन दारात उभा राहायचा आणि मी बेटावरून परत येताना बघायची, आणि मला वाटायचं, किती छान दिसतात दोघं. फोटोत बघितल्यासारखं."

"मग कधी?"

"तू दुसरीत होतीस. कांजिण्या आल्या होत्या तुला. बाबा शाळेच्या सहलीला गेला होता, म्हणून मी घरी. तुझ्या पाठीवर कापसाने ते गुलाबी औषध लावत होते, एकेका फोडावर. तू म्हणालीस, तुला येतं का हे? मी म्हटलं, येतं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. मला प्रयोगशाळेची आठवणच आली नाही. तू झोपलीस तरी मी तिथेच बसले होते. मला नंतर फार आश्चर्य वाटलं." ग्लेनिस थांबली. "त्या दिवसापासून हवी होतीस."

"सात वर्षं," मेरिन म्हणाली.

"हो."

"आणि तोवर?"

"तोवर लायल होता."

मेरिन मेलेल्या मादीच्या कानाकडे बघत राहिली. त्या कानावर एक माशी बसत होती, उठत होती. तिने ती हाताने हाकलली, पुन्हा आली, पुन्हा हाकलली. ग्लेनिसला वाटलं, आता उठून जाईल ही, आणि तिने त्यासाठी मनाची तयारीही केली, गाडीपर्यंतची पावलं, दाराचा आवाज. पण मेरिन उठली नाही. उलट थोडी मागे सरकून आईच्या गुडघ्याला पाठ टेकून बसली. वजन अचानक आलं. मोठं माणूस जड असतं. ग्लेनिसने पाय हलवला नाही. त्याला मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

उन्हाचा पट्टा रस्त्यावरून घरांच्या छपरांवर चढला तेव्हा झुडूप हललं. आधी कान, मग तोंड, मग सगळं पोर, हातापायांच्या काड्या आणि डोळेच डोळे. दोन उड्या मारल्या, थबकलं. या दोघींकडे बघितलं आणि दगड समजून सोडून दिलं. मग आईच्या पोटाशी गेलं आणि मोठ्या सवयीने, घरात शिरावं तसं, डोकं पिशवीत घातलं. मेरिन उठायला लागली तसा ग्लेनिसचा हात तिच्या मनगटावर पडला. घट्ट. पोर पीत होतं. शेपटी थरथरत होती. त्या एका सडातलं दूध त्याच्याच वयाचं होतं, त्याच्यासाठी महिन्यामहिन्याने बदलत आलेलं. पुन्हा असं कुठे मिळायचं नव्हतं. "पिऊ दे," ग्लेनिस ओठांतच म्हणाली. मेरिन मान वळवून आईकडे बघत होती, पिल्लाकडे नाही. गाठ हळूहळू रिकामी होत असेल. कुठल्या तरी पाण्याच्या टाकीसारखं एक जनावर मेल्यावरही देत होतं, आणि ग्लेनिसला, जिने याच्या कितीतरी नळ्या भरल्या होत्या, हे आज बघवेना आणि नजर काढता येईना.

मग तिने मान हलवली. मेरिन रानाच्या बाजूला झाली, हात पसरून. ग्लेनिसने शेपटी मुळाशी धरली, दुसरा हात छातीखाली. पोराने एकच लाथ मारली, ती तिच्या हनुवटीवर बसली. तोवर मेरिनने डिकीतून आणलेली मोठी कापडी पिशवी उघडून धरली होती आणि पोर डोकं खाली करून, कोलांटी घेत, आपलं आपण आत गेलं. काळोख मिळताच शांत झालं. ग्लेनिसने डबा उचलला, मेलेल्या मादीच्या कुशीवर मोठी गुलाबी फुली मारली. हनुवटीतून रक्त येत होतं. मेरिनने बाहीने पुसलं. "म्हातारे, टाके पडणार तुला." "नाही पडत." "मला कळतं की तुला?" "तुला झाडांचं कळतं."

बचाववाल्यांनी फोनवर सांगितलेली, पिल्लं सांभाळणारी बाई डोंगराच्या वर राहायची. मेरिनने आपलीच गाडी काढली. ग्लेनिस शेजारी, पिशवी कोटाच्या आत, पोटाशी. गाडीत रेडिओ लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, घाबरतात. पिशवीतून आधी नुसता थरकाप जाणवला, मग ऊब, मग एक लहान, फार जलद ठोका, जो तिच्या ठोक्याशी जुळत नव्हता. मेरिनने किल्ली घातली, पण फिरवली नाही.

"मेरिन," ग्लेनिस हळूच म्हणाली. "तो गर्भ ठेव. सोडू नकोस."

मेरिनचे हात स्टिअरिंगवर होते तिथेच राहिले. ती म्हणाली, "मी दुपारी सोडायची सही करून आले, आई."

"शुक्रवारपर्यंत..."

"हो. पण आजच गेले." तीही हळूच बोलत होती, पिल्लासाठी. "मी सगळ्यांना विचारलं होतं. डॉक्टरांना, मैत्रिणींना, कामावरच्या त्या ड्वेनला सुद्धा. सगळे म्हणाले, तुझा निर्णय, आम्ही पाठीशी आहोत. इतके पाठीशी उभे राहिले की समोर कुणी उरलंच नाही. मग वाटलं, तुला विचारावं."

ग्लेनिसला पुढचं सगळं ठाऊक होतं. काय काय करतात, नळी बाहेर काढून कुठे ठेवतात, सामान्य तापमानाला यायला किती वेळ, आणि त्यानंतर पेशींचं काय होतं. तिला हे कुणालाही समजावून सांगता आलं असतं. दुपारी आपण खोक्यांना चिकटपट्टी लावत होतो, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिथेच अडकून राहिलं.

"सकाळी का नाही म्हणालीस?" मेरिनने विचारलं.

"सकाळी मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं," मेरिन म्हणाली.

समोरून एक गाडी आली. तिच्या दिव्यांत कडेची गुलाबी फुली क्षणभर पेटली, गाडी वेग कमी न करता निघून गेली. मेरिनने नाक पुसलं, आरसा नीट केला, उगाच पुन्हा बिघडवला.

"आणखी एकदा म्हण."

"काय?"

"मघाशी म्हणालीस ते."

"आता त्याचा काय..." ग्लेनिसने वाक्य तिथेच सोडलं. कोटाच्या आत पोराने कूस बदलली. ती मुलीकडे वळली, जितकं वळता आलं तितकं.

"ठेव," ती म्हणाली.

मेरिनने मान डोलावली आणि गाडी सुरू केली.